चार बोटं खाली

नाही नाही, ती चाकं नकोत — ती पाच पाकळ्यांची दिसायला गोड आहेत, पण गोड नकोय मला काही. त्याच्या वरची दाखवा. काळी नाही हो, काळीच्या शेजारची, ती राखाडी, जाळीची. हां, ती काढा खाली. जड आहेत? असू देत, मी काही डोक्यावर घेऊन जाणार नाहीये, नुसता हात लावून बघते. — हीच. हीच ती. ह्या जाळीत बोट अडकतं बघा माझं, तेव्हाही अडकलं होतं. आमच्या मुलाने एक चाक घरी आणून जेवायच्या टेबलावर ठेवलं होतं आणि मी ओरडले होते, की हे काय आता पंगतीला बसणार आहे का आपल्याबरोबर. तर अशी चार द्या. पाचवं नको. स्टेपनीला जुनंच राहू दे, म्हणजे डिकी उघडली की आधी काय होतं ते दिसेल. झोंबायला काहीतरी मागे ठेवावं लागतं, मिस्त्री. सगळंच पुसून टाकलं तर माणूस विसरून जातो, आणि मला विसरू द्यायचं नाहीये.

आता टायर. बुटके हवेत, रुंद आणि बुटके, नावापुरतं रबर. हे आत्ताचे बघा ना — उंच, अरुंद, बाजूने पांढरा पट्टा. हा पट्टा, लग्न होऊन आले तेव्हापासून मी घासतेय. दातांच्या ब्रशने, खोटं नाही सांगत. दर रविवारी हे बोनेट पुसायचे आणि मी खाली उकिडवी बसून पट्टे घासायची, आणि पाहुणे आले की हे सांगायचे, आमच्या घरात दोघी गोऱ्या, एक बायको आणि एक ही, आणि दोघींपैकी हिची निगा जास्त राखावी लागते. पाहुणे हसायचे. मीही हसायची. हसायला काय पैसे पडतात? — पट्ट्याचा बुटका टायर मिळतो म्हणता? मिळत असेल, पण नको. पट्टा नको. अख्खा काळा द्या. माझे गुडघे गेले त्या पट्ट्यापायी, त्याला एकदाचा ह्या घरातून जाऊ दे.

साहेबांना विचारलं ना, विचारलं की. मी सगळं विचारूनच करते. समोर खुर्ची ओढून बसले आणि नीट सांगितलं — गाडी नेतेय, चाकं बदलणार, टायर बदलणार, गाडी चार बोटं खाली घेणार. काही बोलले नाहीत. एक अक्षर नाही. आणि गप्प राहणं म्हणजे होकार, हा ह्यांचाच नियम आहे. आमच्या घरातले सगळे निर्णय ह्याच नियमाने झाले — मी गप्प बसले की झालं पास. तेव्हा तुम्ही त्याची काळजी करू नका. चला, जॅक लावा.

चार बोटं हो, चारच. माझी बोटं धरा हवं तर. चाकावरच्या कमानीत आत्ता मूठ जाते ना, तिथे करंगळीसुद्धा अवघडून गेली पाहिजे. पुढे स्प्रिंग, मागे पाटे — मागे पाट्यांवर ठोकळे बसतील आणि पुढची स्प्रिंग कापायची, दीड-दीड वेटोळं. असे बघू नका माझ्याकडे. इतकी वर्षं ज्या घरात स्वयंपाकाला कांदा आहे की नाही ह्यावर कुणी बोलत नाही पण शॉकअपवर तासन्‌तास बोलतात, त्या घरातल्या बाईला एवढं कळणारच. — नवी आखूड स्प्रिंग? तेही माहीत आहे मला. नवी घालायची, जुनी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकायची, आणि उद्या मन बदललं की गाडी पुन्हा होती तशी. तेच तर नको. मन बदलायला वाट ठेवायची नाही. कापायची. त्या स्प्रिंगवर दोन पट्टे आहेत बघा, एक निळा, एक पिवळा, कारखान्यातून आलेले. बॅटरी मारा आत, दिसतील. तेवढे दोन पट्टे शाबूत असलेली गाडी ह्यांच्या जुन्या गाड्यांच्या मंडळात दुसरी नाही, असं हे उठता-बसता सांगायचे. दर पावसाळ्याआधी गाडीखाली आडवे होऊन त्यावर मेण चोळायचे. पोराला ताप होता तेव्हा एकदा हाक मारली, तर गाडीखालूनच म्हणाले, हात मेणाचे आहेत, तूच बघ. तर निळ्या पट्ट्यातूनच कापा. पिवळा राहिला तरी चालेल.

तुम्हाला वाईट वाटतंय? तुम्हाला? आपण कधी बोललो नाही, पण मी ओळखते तुम्हाला. मंडळाच्या मेळाव्यात तुम्ही आमच्या मुलाच्या मागे उभे होतात, हातात फडकं घेऊन, स्वतःचंच लग्न असल्यासारखे नटूनथटून. आठवतंय ना? मग माझ्यापेक्षा तुमचा हात जास्त शिवशिवायला हवा. काय म्हणाले होते हे, माईकवर, शंभर माणसांत? की हे काम ज्याने केलंय त्याने गॅरेज बंद करून खाटकाचं दुकान टाकावं. तुमच्याकडे बघून म्हणाले. तुम्ही फडकं खिशात घातलंत आणि मान खाली घातलीत, मी बघितलं. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, त्या माणसाला असं बोलायला नको होतं. तर म्हणाले, खरं बोललं की लागतंच. लागतं ना? मग आता खरं काय ते आपण दाखवू या ना.

आणि तुमचं तर सोडाच, मी पोराचं म्हणतेय. भुंगा म्हणतो आम्ही त्याला. लहानपणी जेवतानासुद्धा तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचा, घास तोंडात आणि घूं-घूं चालूच. ह्यांनीच ठेवलं ते नाव, कौतुकाने ठेवलं, नाही म्हणत नाही. त्या भुंग्याने स्वतःच्या पगारातून भंगारातली जुनी गाडी घेतली, दोन वर्षं तुमच्याकडे येऊन खपला, आणि ती आणली मेळाव्याला. मूळ रूपात राखलेल्या गाड्यांच्या रांगेत नाही हो, तिकडे पलीकडे, हौशी लोकांच्या बदललेल्या गाड्या उभ्या करतात ना, तिथे. तिथले परीक्षक हे नव्हतेच. ह्यांचा काही संबंध नव्हता. नुसतं बापाने चालत यावं, बघावं, आणि बरी झालीय म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. बरी झालीय — दोन शब्द. आले की चालत. माईक घेऊन आले. उंची मोजली, चाकं बघितली, आणि म्हणाले, बघू तरी, चार माणसं मागे बसवून ही चालते का. तेव्हा तो काय म्हणाला, ते तुम्हीही ऐकलंत आणि मीही ऐकलं. हळूच म्हणाला, बाबा, मागे कुणाला बसवू नका, मडगार्डची आतली कड अजून दाबायची राहिलीय, वजन आलं की टायर तिला घासेल. विश्वासाने सांगितलं हो त्याने. घरातल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं. आणि ह्यांनी ते ऐकून — न ऐकता नाही, नीट ऐकून — मंडळातले चार जण निवडले, एकेक जण असा की एकट्यालाच दोन खुर्च्या लागाव्यात. चौघे कोंबले मागे आणि म्हणाले, घे आता गतिरोधकावरून.

टायर घासला तो आवाज माझ्या कानात आहे अजून. डुकराला धरल्यासारखा. धूर निघाला, लोक हसले, आतले चौघेही हसले, आणि हे माईकवर काय काय बोलत राहिले. त्याने गाडी बंद केली, उतरला, किल्ली तुमच्या हातात दिली, आणि मला सांगून गेला की आई, मी जातो. मला वाटलं घरी जातो म्हणतोय. संध्याकाळी घरी आले तर कपाट रिकामं. लांबच्या शहरात नोकरी धरली, बस बांधतात त्या कारखान्यात, आणि तेव्हापासून त्याने आमचा उंबरा ओलांडलेला नाही. आणि हे रात्री जेवताना काय म्हणाले माहीत आहे? वरण छान झालंय म्हणाले.

— ती मागे कव्हर घातलेली, ती भुंग्याचीच ना? मला वाटलंच. चाकांवरून ओळखली. इथेच ठेवलीत होय तुम्ही अजून? भाडं नाही, काही नाही? आणि कड? — दाबून ठेवलीत. तो नसताना. — बघा. परक्या माणसाला सुचलं ते.

पाणी नको, चहाही नको. मी अगदी बरी आहे. उलट आज फार बरं वाटतंय मला. तुम्हाला एक सांगू? आज ही गाडी मी चालवत आणली. आयुष्यात पहिल्यांदा. दुसरी, ती छोटी, भाजीबाजारासाठीची, ती मी रोज चालवते, लायसन्स आहे, सगळं आहे. पण हिच्यात मी बसायची ती नेहमी डावीकडे, पर्स डिकीत टाकून — पर्सची चेन सीटला घासू नये म्हणून — आणि हात मांडीवर. काचेला हात लावायचा नाही, बोटं उमटतात. आज पर्स शेजारच्या सीटवर आदळली, चेनसकट. स्टिअरिंग किती जड आहे हो. आणि तो गिअर, दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना थांबावं लागतं जरासं, मानपान केल्यासारखं. दोनदा बंद पडली, मागचे हॉर्न वाजवत होते, वाजवू देत. मग चौक ओलांडल्यावर सुटली बघा. मी काच पूर्ण खाली केली आणि गाणं म्हणत आले. कुठलं ते विचारू नका. चांगली आहे हो गाडी. गाडीचा काय दोष. — पण कापा. चांगली आहे म्हणूनच कापायची. वाईट गाडी कापून कुणाला काय लागणार आहे?

हे का नाही आले? कसे येणार? तुम्हाला कळलं नाही का? मला वाटलं सगळ्या गावाला कळलंय. मंडळाचे लोक तर रांगेने येऊन गेले फुलं घेऊन. झटका आला ह्यांना. थंडी सुरू झाली तेव्हा. सकाळी उठून बसले आणि एका अंगावर कलंडले ते कलंडलेच. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आता खुर्चीत बसवते, भरवते, पुसते, दाढी करते, सगळं करते, आणि नीट करते. त्यात खोट काढू देणार नाही कुणाला. डॉक्टर म्हणतात इतकी निगा हॉस्पिटलातही राहत नाही. मी म्हटलं, मला सवय आहे, मी पट्टे घासलेत. — हो, म्हणून काही बोलले नाहीत. मग? खोटं काय सांगितलं मी? विचारलं, आणि बोलले नाहीत. समजतं त्यांना सगळं. डोळे शाबूत, कान शाबूत. मी चार बोटं म्हटलं तेव्हा डोळे असे मोठे झाले. समजलंच की.

नाही, तुम्ही असं तोंड करू नका. आजारी माणसावर उट्टं काढते ही बाई, असंच ना? काढते. धडधाकट होते तेव्हा काढता आलं असतं तर तेव्हाच काढलं असतं. धडधाकट माणसाच्या हातात माईक असतो, मिस्त्री. आता माझी पाळी आली ती अशी आली, त्याला मी काय करू? त्यांना मी उपाशी ठेवत नाही, वेडंवाकडं बोलत नाही. फक्त एकदा, एकदाच, खिडकीत बसवणार आहे आणि समोर ही उभी करणार आहे, पोटावर सरपटणारी, जाळीच्या चाकांची, पोराच्या गाडीसारखी हुबेहूब. मग फोटो काढणार आणि भुंग्याला पाठवणार. बघ म्हणणार, बापाची गाडी. तो हसेल. किती दिवसांत हसलेला ऐकला नाही मी त्याला.

खिडकी म्हणजे — डॉक्टर म्हणाले होते, त्यांची आवडती गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवा, त्याने वाचा परत यायला मदत होते. मी गाडी ठेवली. पोर्चमधून पुढे घेतली आणि खिडकीसमोर लावली, खुर्चीतून नीट दिसेल अशी. पण तो माणूस गाडीकडे बघतच नाही हो. जन्मभर जिच्याशिवाय काही बघितलं नाही, तिच्याकडे आता बघत नाही. तिच्या टपावरून पलीकडे बघतो. फाटकाकडे. सकाळी बसवलं की फाटक, दुपारी फाटक, कडी वाजली की मान हलते. पोस्टमन असतो, नाहीतर गॅसवाला. मग पुन्हा टपावरून. त्याला गाडी दिसायला हवी, मिस्त्री. त्याला तिच्याकडे बघावंच लागलं पाहिजे. नाहीतर एवढं करून काय उपयोग?

वाचा? — आली म्हणजे काय, एक शब्द आला. गेल्या महिन्यात. भुंगा म्हणतात. स्पष्ट म्हणतात, तुम्हालाही कळेल. व्यायाम करून घ्यायला ती मुलगी येते ना, ती म्हणाली, आजी, हे भुंगा भुंगा म्हणतात, कोण ते? मी म्हटलं, गाडीचं लाडाचं नाव आहे. तिने लिहूनही घेतलं. ह्यांनी ऐकलं ते. डाव्या हाताने खुर्चीवर थाप मारली, एकदा, दोनदा. मी म्हटलं, बघा, गाडीचं नाव काढलं की कसे खूश होतात. — त्याला बोलवायचं होतं तर तेव्हा बोलवायचं होतं, माईकवर. तेव्हा तोंड होतं. तेव्हा वरण छान झालं होतं. आता एका शब्दात सगळं मागायचं आणि मी लगेच द्यायचं? मी पण बसले की वाट बघत. फाटकाकडे बघत मीही बसले, त्यांच्या आधीपासून बसले. त्यांना कळू दे जरा, वाट बघणं कसं असतं. अजून थोडे दिवस. जास्त नाही.

भुंग्याला? नाही. — त्याला नाही सांगितलं. काय सांगायचं? त्याचा फोन येतो की, दर आठवड्याला येतो. आई जेवलीस का, गुडघे कसे आहेत, सगळं विचारतो. बाबांचं नाव काढत नाही. शेवटी थोडा थांबतो. मीही थांबते. मग म्हणतो, बरं, ठेवतो. त्या थांबण्यात मी सांगू शकले असते, हो, मला कळतं ते, तुम्ही सांगायला नको. पण सांगितलं तर तो धावत येईल. सगळं टाकून येईल, रात्रीच्या गाडीने येईल, तो तसाच आहे. येऊन त्यांच्या पायाशी बसेल, आणि हे रडतील, आणि तो म्हणेल जाऊ दे बाबा, आणि संपलं. म्हणजे ह्यांना सगळं मिळालं. चार महिने खुर्चीत बसले की झालं, फिटलं? आणि मी? मला कुणी जाऊ दे म्हणायचं?

— तुम्ही हात का पुसताय? अजून एक चाकसुद्धा उतरवलं नाहीत. जॅक का काढताय? मिस्त्री, मी रोख पैसे आणलेत, तुम्ही नाही केलंत तर दुसरीकडे जाईन, गावात काय तुमचंच एक गॅरेज आहे? — त्याचा काय संबंध? त्याला कशाला विचारायचं, गाडी त्याची नाही, गाडी माझ्या — कुणाला लावताय? ठेवा तो फोन. त्याचा नंबर तुमच्याकडे कसा? — तुम्हालाही करतो होय. गाडीसाठी करतो. — बाबांचं विचारतो? तुम्हाला? काय विचारतो? — मला तर कधी —

ठेवा म्हणते ना. मी सांगणारच होते. आज ना उद्या मीच सांगणार होते, गाडी झाली की, फोटोबरोबर — कामावर असेल तो आत्ता, मशीनपाशी असेल, उचलणार नाही. — उचलला? तुम्ही काही बोलू नका. काही झालंय असं त्याला वाटता कामा नये, तो घाबरेल, लहानपणापासून पटकन घाबरतो. तुमच्या आईला बोलायचंय, असं कशाला सांगितलंत? मला काही बोलायचं नाहीये. — द्या. द्या इकडे.

हॅलो. — हो, मीच. — अरे इथे आलेय, मिस्त्रींकडे. — नाही रे, रडत नाहीये. ऐक. घाबरू नकोस. मला काही झालेलं नाही. भुंग्या, ऐक ना. मला नाही.